ठिबकची एक नळी की दोन? बाण काढून ठरवा
रावेरकडच्या केळीत ओळीला एक नळी की दोन, हा वाद कागदावर मांडा. संगणकशास्त्रज्ञ फान मिन्ह डुंग यांची वाद तपासायची १९९५ची पद्धत: प्रत्येक मुद्द्याला गोल, खोडणाऱ्याकडून खोडलेल्याकडे बाण.

अ: दोन नळ्या. ब: एकच, खर्च कमी. दोघांचे बाण एकमेकांवर. क: काळ्या मातीत ओल आडवी पसरते, बाण ‘अ’वर. ड: खड्डा खणला, जमीन मुरमाड, पाणी सरळ खाली जातं, बाण ‘ब’ आणि ‘क’वर.

‘ड’वर बाणच नाही, म्हणून तो मान्य. त्याने खोडलेले ब, क बाद. ‘अ’वर बाण सोडणारे दोघेही गेले, म्हणून ‘अ’ टिकला: दोन नळ्या. खड्डा न खणता बसलात तर ‘क’मुळे ‘ब’ जिंकतो, आणि झाडं तहानतात.

नुसते अ-ब उरले तर निकाल लागत नाही. तिथे मतं मोजू नका, माती तपासा.