निडल गन लावण्याच्या आदल्या दिवशी

निडल गन म्हणजे हवेच्या दाबाने पोलादी सुया ठोकून लोखंडावरचा गंज आणि जुना रंग काढणारं यंत्र. सोमवारी सकाळी लोखंडावर ती लावायची असेल, तर माझी तयारी रविवारी दुपारीच सुरू होते. गन एकदा चालू झाली की कान बंद, डोळ्यांवर काच, हात बधिर. मग नवीन काही ठरवायला डोकं जागेवर राहत नाही. जे ठरवायचं ते आधीच.

पहिलं काम हातोडीचं. मुंबईच्या दारूखाना भागात किनाऱ्यावर ओढलेली बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बोट असो की सोसायटीच्या गच्चीवरचं टाकीखालचं लोखंडी स्टँड, छोटी हातोडी घेऊन वीतवीतभर अंतरावर ठोकत जा. शाबूत पत्रा टण्ण वाजतो. गंजाने खाल्लेला पत्रा ढब्ब बोलतो. तिथे खडूने फुली मारायची. फुलीवर गन लावायची नाही. आधी जाडी मोजायची, लागेल तिथे कापून नवा पत्रा जोडायचा. एका जुन्या बार्जवर ही ठोकाठोक मी घाईत उरकली होती. पोपडा समजून सुया टेकवल्या, आणि नुसत्या रंगाने धरून ठेवलेला पत्रा आरपार फुटला. पलीकडची टाकी रिकामी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून पत्र्यामागे काय आहे ते मी स्वतः जाऊन, वाकून बघतो: तेल, वायरी, दुपारची डुलकी काढणारा माणूस. पोलादी सुयांची ठिणगी उडते. टाकी गॅस-फ्री, म्हणजे पेट घेणारा वायू नसलेली, असल्याचा दाखला आणि हॉट वर्कचं, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या कामाचं परमिट हातात आल्याशिवाय इंधनाच्या आसपास कोणी गन उचलायची नाही. बेरिलियम कॉपरच्या सुयांनी ठिणगीचा धोका कमी होतो, पण त्या आणल्या म्हणून परमिट टळत नाही.

मग धुणं. आपल्याकडची हवा खारी. गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलंच असतं. गन गंज काढते, तेल आणि मीठ काढत नाही, उलट ठोकून आत बसवते. म्हणून आधी ग्रीस पुसून घ्या, मग गोड्या पाण्याने सगळं धुऊन रात्रभर सुकू द्या.

जुन्या रंगाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. वरचे थर खरवडून पाहा. खाली शेंदरी प्रायमर दिसला, तर तो रेड लेड, म्हणजे आपला शेंदूरच, शिशाचं ऑक्साइड, असं धरून चाला. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. आपण खरवडतो ते थर बहुतेक त्याआधीचे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. पी-100 किंवा पी-3 या बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क माणसागणिक एक, तोही दाढी करून. खाली ताडपत्री, पोपडे भरायला झाकणाचे डबे. एक चिमूटही खाडीत जाता कामा नये. झाडू मारायच्या आधी पाणी शिंपडायचं. हातपाय धुण्याची बादली आणि साबण कामाच्या जागेशेजारीच ठेवा, कारण आपली कामावरची पोरं तंबाखू मळायला बाजूला होतात, तेव्हा ती भुकटी हातावरून थेट तोंडात जाते. कामाचे कपडे तिथेच काढायचे. त्याच शर्टाने घरी लेकराला उचलून घ्यायचं नाही, हे मी दर वेळी सांगतो आणि सांगत राहणार.

आता हवा. बहुतेक गनला 90 पीएसआय, म्हणजे सव्वासहा बारच्या आसपास दाब लागतो, आणि तो गन चालू असताना, होजच्या, म्हणजे हवेच्या नळीच्या शेवटच्या टोकाला मिळाला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतंच. ते सकाळी काढा आणि दुपारी पुन्हा काढा. गनला होज जोडतो त्या तोंडात एअर टूल ऑइलचे चार थेंब. होजच्या जोडांना सेफ्टी केबल. जहाजावरची मंडळी याच यंत्राला जेट चिझल म्हणतात; त्यांच्याकडून शिकलो की सुया झिजलेल्या खराट्यासारख्या लहानमोठ्या दिसल्या, तर एक-दोन बदलायच्या नाहीत, अख्खा संच बदलायचा. गन हवेत नुसती चालवायची नाही, सुया तुटतात.

आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही. गॉगल, त्यावर फेसशील्ड. पाळ्या कागदावर लिहून ठेवा: पंधरा मिनिटं गन, मग तोच माणूस ब्रशवर. थरथरीने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडतात. माझ्यासोबतच्या एका जुन्या कारागिराला थंडीच्या सकाळी शर्टाचं बटण लावता येत नाही. बोटं पांढरी पडतात. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बटण लावून दाखवायला सांगतो. ज्याला जमलं नाही, त्याला त्या दिवशी पुन्हा गन मिळत नाही.

शेवटी, दिवसभरात किती उघडायचं ते खडूने आखून घ्या. उघडं पडलेलं लोखंड इथे संध्याकाळपर्यंत पिवळं पडतं. आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त असेल तरच प्रायमर लावायचा. वायर ब्रश फिरवून, धूळ पुसून चारच्या आत पहिला हात मारता येईल, तेवढाच चौकोन आखायचा.