शॅमेलिऑन घरी आणल्यावरचा पहिला महिना : या चुका टाळा

जानेवारीतील एका संध्याकाळी बेळगावातील आमच्या घरी चार महिन्यांचा व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा, आला, तेव्हा त्याचा पिंजरा अर्धाच जोडून झाला होता. शेजारची मुले पाहायला जमली, कोणी त्याला हातावर घेतले, कोणी मोबाइलचा झोत टाकला आणि पोपटी रंगाचा तो जीव तासाभरात काळपट तपकिरी होऊन खोक्याच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसला. पुढचे चार दिवस त्याने किड्याला तोंड लावले नाही. तो वाचला, पण त्याचे घर त्याच्या आधी तयार असायला हवे होते आणि तो आल्यावर आम्ही बाजूला व्हायला हवे होते, हे त्या चार दिवसांत पुरते कळले. नव्याने शॅमेलिऑन पाळणाऱ्यांच्या ज्या चुका मी पुढे पाहिल्या, त्यांतील बहुतेक याच दोन गोष्टी उलट केल्यामुळे झालेल्या होत्या.

त्याआधी कायद्याविषयी. आपल्या माळरानावर आणि बांधावरच्या झुडपांत आढळणारा घोयरा सरडा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. तो पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. पुष्कळ गावांत त्याला विषारी समजून मारतात, पण तो विषारी नाही. व्हेल्ड शॅमेलिऑन मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातील आहे. अशा परदेशी प्राण्याची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. विक्रेता कागदपत्रे देत नसेल, तर प्राणी आणू नये.

पिंजरा खाली ठेवणे

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असे आपण म्हणतो, पण शॅमेलिऑनची धाव नेहमी वरच्या दिशेने असते. झाडावर राहणाऱ्या या प्राण्याला आपल्यापेक्षा उंचावर असल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही आणि वरून खाली येणारा हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा भासतो. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या नरासाठी ६० × ६० × १२० सेंमीचा जाळीचा पिंजरा टेबलावर अशा रीतीने ठेवावा की त्याची बसण्याची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येईल. दूरदर्शनसमोरची, पंख्याखालची, देव्हाऱ्यातील उदबत्तीचा किंवा फोडणीचा धूर पोहोचणारी आणि घरातील माणसांची सतत ये-जा असलेली जागा टाळावी. पिंजऱ्याच्या तीन बाजू पहिले दोन आठवडे कापडाने झाकून ठेवाव्यात. आत जास्वंद, मनी प्लांट किंवा फायकसची कुंडी इतकी दाट हवी की तो पूर्णपणे दिसेनासा होऊ शकेल. जास्वंदाची पाने तो खातोही. म्हणून नर्सरीतून आणलेले रोप फवारणीच्या शंकेने नीट धुऊन, काही आठवडे बाहेर ठेवून मगच आत घ्यावे.

आणल्या दिवशी त्याला खोक्यातून ओढून काढू नये. खोके उघडून पिंजऱ्यात ठेवावे, त्यात एक फांदी तिरकी टेकवावी आणि खोलीतून निघून जावे. दोन शॅमेलिऑन एका पिंजऱ्यात ठेवणे ही चूक मात्र दुरुस्त होण्यापलीकडची आहे, कारण हा एकटा राहणारा प्राणी आहे आणि समोर आरसा असला तरी तो स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून झुरतो.

वाटीतले पाणी

पाण्याने भरलेली वाटी समोर असतानाही शॅमेलिऑन तहानलेला राहू शकतो, कारण स्थिर पाणी त्याला पाणी म्हणून सहसा ओळखूच येत नाही. तो पानावरून ओघळणारे थेंब चाटतो. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा सेट स्वच्छ बाटलीला जोडून पिंजऱ्यावर टांगला आणि त्याची चकती दोन-तीन सेकंदांना एक थेंब पडेल इतकी सैल केली, की काम होते. आमच्याकडे सहाव्या दिवशी सकाळी जास्वंदाच्या पानावर थेंब टपटपू लागला तेव्हा त्याचा एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा पानाकडे वळला. मी दाराआड गेलो, तेव्हा त्याने मान पुढे काढली आणि पानाच्या टोकाला तोंड लावून जवळजवळ दहा मिनिटे पाणी प्यायला. पाणी पुरते की नाही हे विष्ठेवरून कळते. तिच्यासोबत येणारा युरेटचा, म्हणजे घट्ट लघवीचा, भाग पांढरा असेल तर पाणी पुरेसे आहे आणि तो पिवळा-नारिंगी झाला असेल तर कमी पडते आहे. तळाशी साधा पांढरा कागद अंथरावा, म्हणजे हा रंग चटकन दिसतो आणि सफाईही सोपी होते.

परदेशी सूचना जशाच्या तशा पाळणे

इंटरनेटवरील बहुतेक सूचना थंड देशांतील, हीटरने कोरड्या झालेल्या खोल्यांसाठी लिहिलेल्या असतात. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, खानापूरचा पाऊस घाटाचा आहे, तर अथणी आणि रायबागकडे उन्हाळा कडक आणि कोरडा असतो. एका जिल्ह्यात एकच नियम चालत नाही. पावसाळ्यात हवा आधीच ओली असते. अशा वेळी दिवसातून चार-पाच वेळा फवारणी केली तर पिंजरा कधीच सुकत नाही आणि श्वसनाचा संसर्ग होतो. पहाटे आणि दिवे मालवल्यानंतर थोडी फवारणी, तीही मधल्या वेळेत पाने कोरडी होतील एवढीच, हे प्रमाण जून ते सप्टेंबर पुरते. काचेची पेटी या दिवसांत मुळीच वापरू नये. अथणीच्या एप्रिलमध्ये मात्र उलट करावे लागते आणि जाळीच्या तीन बाजूंना प्लास्टिकची शीट लावून ओल टिकवावी लागते.

थंडीत रात्री तांबडा बल्ब लावून ठेवणारे अनेक जण भेटतात. त्यामागे माया असते, पण शॅमेलिऑनला तो उजेड दिसतो आणि त्याची झोप मोडते. रात्रीचा गारवा या प्राण्याला मानवतो. खोलीचे तापमान १८ अंशांच्या आसपास असेल तर पिल्लालाही काही करण्याची गरज नाही. दिवसा मात्र ऊब घेण्याच्या फांदीवर मोठ्यांसाठी २९ ते ३२ अंश आणि पिल्लांसाठी २७ अंशांच्या आसपास तापमान हवे, आणि ते अंदाजाने न ठरवता त्याच फांदीवर थर्मामीटर ठेवून पाहावे.

यूव्हीबी, म्हणजे उन्हात असणारी अतिनील किरणे, देणाऱ्या ट्यूबशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे वाकतात. ट्यूबचा उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी हळूहळू कमी होते, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीनंतर, साधारण वर्षभराने, ती बदलावी. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी जवळजवळ नसते. सकाळचे कोवळे ऊन गच्चीवर वीस मिनिटे द्यायचे असेल, तर अर्धी सावली असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातच द्यावे आणि कावळ्या-मांजरांमुळे तेथून हलू नये.

तो खात नाही म्हणून घाबरणे

नव्या घरात तीन-चार दिवस न खाणे ही साधारण बाब आहे. तोंड उघडून भरवणे, तासातासाला नवा किडा दाखवणे किंवा न खाल्लेले रातकिडे रात्रभर पिंजऱ्यात सोडून देणे यांतून ताण वाढतो. ते रातकिडे झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतातही. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. निपाणीच्या तंबाखूच्या रानातले किंवा उसाच्या फडातले नाकतोडे फुकट मिळतात, परंतु त्यांच्या अंगात फवारणीचे औषध असू शकते. पावसाच्या तोंडावर घाटाकडे दिसणारे काजवे तर कधीच देऊ नयेत, कारण काही जातींच्या काजव्यांतील विषाने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत. पाळलेल्या रातकिड्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला आणि गाजर खायला घालावे आणि देताना त्यांना डी-३ जीवनसत्त्व नसलेली कॅल्शियमची पूड चोळावी.

वजन आठवड्यातून एकदाच करावे. तेही तो स्वतःहून चढेल अशी काठी डिजिटल काट्यावर ठेवून आणि काठीचे वजन वजा करून. दिवसा डोळे मिटून बसणे, डोळे खोल जाणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, फांदीवरची पकड सुटणे किंवा आठवड्याहून अधिक काळ न खाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर वाट पाहू नये. आपल्याकडील जनावरांच्या दवाखान्यांत गुरे आणि कुत्री अधिक येतात, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर कोठे आहे, मग तो पुण्याला असो वा बेंगळूरुला, हे प्राणी आणण्याआधीच फोन करून ठरवून ठेवावे. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालते. तिच्यासाठी ओलसर वाळूची तीस सेंमी खोल कुंडी आधीपासून आत असावी, नाहीतर अंडी अडून ती दगावू शकते.