२० तारखेआधी खरेदीची बिलं २बीशी जुळवताना

वाळपईत आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. गल्ल्यावर नवरा, जीएसटीला मी. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांनी हे काम १४ ते २० तारखेच्या मध्ये उरकावं.

१४ला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, तयार होतो. माल देणाऱ्यांनी ११पर्यंत भरलेली बिलं त्यात येतात. जानेवारी २०२२पासून त्यात नसलेल्या बिलाचं क्रेडिट (खरेदीत दिलेल्या कराची वजावट) मिळत नाही, हातात कागद असला तरी. २बी एक्सेलमध्ये उतरवा, पण सुरुवात आपल्या खरेदीच्या फाइलीपासून करा. मी उलटं करायचे. पोर्टलवरचं प्रत्येक बिल फाइलीत सापडलं की खूश. जे तिथे नाहीच, ते पोर्टल दाखवणार कुठून?

एकदा चवथीआधी कोल्हापूरहून ८४,०००चा रंग मागवला. वर १८ टक्के आयजीएसटी (परराज्यातून आलेल्या मालावरचा जीएसटी), १५,१२० रुपये. बिल २बीत नाही. तिथल्या कारकुनाने यादीतून आमच्याच नावाचं फोंड्यातलं दुकान निवडलेलं, म्हणून बिलाला त्यांचा जीएसटी नंबर लागला! नंबरात एखादा आकडा चुकला असता तर पोर्टलने अडवलं असतं. शेवटचं अक्षर त्या तपासणीसाठीच असतं. पण हा नंबर खराच होता, सुरुवातीला गोव्याचे ३०सुद्धा. बिलावरही तोच छापलेला. माल उतरवताना कोण वाचतो? आता टेम्पो हलण्याआधी मी ३०च्या पुढची दहा अक्षरं आपल्या पॅनशी ताडून बघते.

बिल दिसलं नाही तर मालकाला नव्हे, कारकुनाला फोन करा. त्याचा जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) भरून झाला असेल तर नंबराची दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये होते, क्रेडिट त्यानंतर. आम्ही त्या महिन्यात १५,१२० रोख भरले.

उलटही घडतं: बिल २बीत, माल वाटेतच. माल पोचल्याशिवाय क्रेडिट घ्यायचं नसतं, आणि टेम्पो अनमोड घाटात अडकलाय हे पोर्टलला काय ठाऊक! ऑक्टोबर २०२४पासून पोर्टलवर आयएमएस आहे, म्हणजे आलेलं प्रत्येक बिल स्वीकारायचं की नाही ते सांगायची सोय. तिथे असं बिल ‘पेंडिंग’ ठेवा. काहीच दाबलं नाही तर ते स्वीकारलं असंच धरतात. १४नंतर तिथे काही बदललं तर २बी पुन्हा कॉम्प्युट करून (नव्याने काढून) मगच ३बी, म्हणजे २०च्या आत भरायचं ते महिन्याचं रिटर्न, भरा.

वीज असताना भरा. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर येतो, आणि तो नेमका होंड्याला माल पोचवायला गेलेला असतो.