परतीच्या पावसातला वारा: अंदाज देताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये कोकणात भात कापणीला आलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच संध्याकाळी ढगांची रांग सह्याद्री उतरून येते. गावच्या ग्रुपवर अंदाज टाकणारे बहुतेक जण पाऊस किती पडेल एवढंच सांगतात. उभं भात आडवं होतं ते मात्र बऱ्याचदा वाऱ्याने, तेही पहिली सर यायच्या आधी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रडारवरचा लाल रंग बघून वाऱ्याचा जोर ठरवणं. तो रंग पावसाचा आहे. वारा येतो ढगातून खाली आपटणाऱ्या गार हवेमुळे. मान्सून माघारी फिरताना वातावरणाच्या मधल्या थरात कोरडी हवा शिरू लागते. पडता पडता थेंब तिच्यात सुकतात, हवा गारठते, जड होते आणि जमिनीवर येऊन चहूकडे पसरते. म्हणून फिकट रंगाची रांगही झाडं पाडू शकते. रंगापेक्षा आकार बघा. रांगेचा मधला भाग धनुष्यासारखा पुढे वाकू लागला, की त्याच्या वाटेतल्या गावांना लगेच कळवा, पुढच्या चित्राची वाट बघू नका. रांगेच्या पुढे बारीक रेघ सरकताना दिसली, तर ती बहुधा त्या गार वाऱ्याची आघाडी असते.

डॉप्लर रडारचं वेगाचं चित्र बघणारेही फसतात. रडारला फक्त स्वतःकडे येणारा किंवा स्वतःपासून दूर जाणारा वेग कळतो. दापोली मुंबईच्या साधारण १३० किलोमीटर दक्षिणेला. तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे रडारला जवळपास आडवा, ताशी ६० किलोमीटरने वारा सुटला, तरी मुंबईच्या रडारला त्यातले जेमतेम २० दिसतील. शिवाय एवढ्या अंतरावर रडारचा किरण जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर वर गेलेला असतो. तिथला आकडा शेतातला वारा म्हणून सांगू नये.

पहाटे साडेपाचच्या हवामान फुग्याच्या (वरच्या हवेचं तापमान, दमटपणा मोजणाऱ्या) नोंदी बघून ‘आज काही नाही’ म्हणणंही घाईचं. दुपारी पारा ३४-३५ अंशांवर गेला की तेच वातावरण पार बदलतं. दुपारचं तापमान आणि दमटपणा धरून हिशोब पुन्हा मांडा.

जूनच्या सवयीने समुद्राकडे बघत बसू नका. या दिवसांत वरचे वारे बहुधा पूर्वेचे असतात, ढग घाटावरून येतात.

मोबाइल अ‍ॅपवरचा ‘१२ किमी’ हा आकडा सरासरी वाऱ्याचा असतो. झोताचा, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोराच्या झटक्याचा, आकडा वेगळा असतो, आणि ९-१० किलोमीटरच्या चौकटींवर चालणाऱ्या जागतिक हवामान मॉडेलला (संगणकावरच्या अंदाजाला) एकेक ढग सुटा दिसतच नाही. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘४० ते ५०’ लिहिलं असेल तर ते झोत समजा. ४० चे ६० झाले की वाऱ्याचा दाब सव्वादोनपट होतो, हे पत्र्याचं छप्पर असलेल्यांना आवर्जून सांगा.

जिल्ह्याचा यलो अलर्ट सकाळी टाकून मोकळं होऊ नका. खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज दुपारनंतर पुन्हा पुन्हा बघा. निरोपही नेमका लिहा: ‘सहा ते आठच्या दरम्यान, घाटाकडून, वारा आधी, पाऊस मागाहून. कापलेलं भात आत्ताच झाका, ताडपत्रीवर दगड ठेवा, गुरं झाडाखाली बांधू नका.’