सापाला पेटीतच खाऊ घाला : कोकणातल्या हवेत हे कसं जमवायचं

पाळलेल्या सापाला पेटीतून उचलायचं, दुसऱ्या डब्यात खाऊ घालायचं आणि परत पेटीत सोडायचं, ही पद्धत अजून बऱ्याच घरांत चालते. तिच्यामागची भीती एकच: पेटीत खाऊ घातलं तर आत येणारा प्रत्येक हात सापाला भक्ष्य वाटेल आणि तो चावरा होईल. भीती समजण्यासारखी आहे, पण या उपायाने चावे कमी होत नाहीत, वाढतात. बॉल पायथन असो की कॉर्न स्नेक, त्याला त्याच्याच पेटीत खाऊ घालावं.

इथे जे लिहिलंय ते याच दोन विदेशी सापांबद्दल आहे. अजगर, धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ हे आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते पिल्लू माडाच्या आळ्यात सापडलेलं का असेना. असा साप दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

हात का चावला जातो?

साप वासावर आणि उबेवर चालतो. बॉल पायथनच्या ओठांवर खाचांची ओळ असते, तिच्यातून त्याला समोरच्या गरम गोष्टीचा अंदाज येतो. हाताला उंदराचा वास असेल आणि हात गरम असेल, तर पेटी कोणतीही असो, तो झडप घालणारच. याउलट पेटी रोज उघडते, पाणी बदलायला, विष्ठा काढायला, आणि खाणं आठ-पंधरा दिवसांतून एकदा. झाकण उघडलं म्हणजे जेवण आलं, असं सापाने शिकावं इतका त्यांचा मेळच बसत नाही.

डब्याच्या पद्धतीत खरी अडचण खाऊन झाल्यावर येते. साप अजून शिकारीच्या तंद्रीत असतो, जीभ भराभर चालू असते, आणि नेमकं त्याच वेळी त्याला उचलावं लागतं. चावा बहुतेक इथेच बसतो. शिवाय पोटात अख्खा उंदीर असताना शरीर वाकलं, दाबलं गेलं की तो भक्ष्य ओकतो. अनोळखी डब्यात बुजून खाणंच नाकारणारे बॉल पायथनही कमी नाहीत.

हाताची ओळख पटवायचा सोपा मार्ग आहे. साप हातात घ्यायचा असेल त्या दिवशी आधी हुकाने (टोकाला वाकवलेल्या काठीने) किंवा कागदाच्या सुरळीने त्याच्या अंगाला, मानेच्या बराच मागे, हलकेच स्पर्श करा. दोन-तीन सेकंद थांबा, मग उचला. खाऊ घालायच्या दिवशी हा स्पर्श करू नका. काही आठवड्यांत सापाला फरक कळतो.

किती आणि कधी

किचनचा डिजिटल काटा सापासाठी वेगळा घ्या. बॉल पायथनच्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के, दर ७ दिवसांनी. ५०० ग्रॅम ओलांडल्यावर ७ ते १० टक्के, दर १४ दिवसांनी. म्हणजे ६०० ग्रॅमच्या सापाला ४२ ते ६० ग्रॅमचा रॅट (मोठ्या जातीचा उंदीर). दीड किलोच्या पुढच्या सापाला ५ टक्क्यांच्या आसपास, तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरतं. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला दर ५ ते ७ दिवसांनी एक पिंकी (उंदराचं केस न आलेलं पिल्लू), मोठ्याला १० ते १४ दिवसांनी एक पूर्ण वाढलेला माऊस (लहान जातीचा उंदीर). काटा नसेल तर उंदराची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त असावी, दीडपटीच्या वर कधीच नाही.

डोळे दुधाळ झालेत, कात टाकायची वेळ आली आहे, तर थांबा. बॉल पायथन वर्षातून काही आठवडे, कधी महिने, खात नाही. वजन १० टक्क्यांहून कमी घटलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

घरातला उंदीर नकोच. पिंजऱ्यात पकडलेला उंदीर फुकट दिसतो, पण त्याच्या पोटात गोळीचं विष असू शकतं आणि त्या विषाने साप मरू शकतो. अंगावर परजीवी असतात ते वेगळेच. आणि कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची साथ नवी नाही. रानउंदराच्या मुताशी आपला हात जितका कमी जाईल तितका बरा. खाद्यासाठी वाढवलेला, गोठवलेला उंदीरच आणा. जिवंत उंदीर सोडू नका: घाबरलेला उंदीर सापाला कुरतडतो, डोळा फोडतो, आणि त्या उंदराचेही हाल होतात.

आदल्या रात्रीपासून

उंदीर बंद पिशवीत घालून फ्रीजच्या सर्वात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा. माऊसला ४ ते ६ तास, मध्यम रॅटला रात्रभर. ओट्यावर उघड्यावर वितळवू नका. इथल्या उकाड्यात बाहेरचं मांस नासायला लागतं तरी आतला गाभा बर्फच असतो. मायक्रोवेव्ह तर नाहीच, कुठे कच्चा, कुठे शिजलेला, आणि पोट फुटतं.

खाऊ घालायच्या अर्धा तास आधी पिशवी ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात बुडवा, म्हणजे हात घालून सोसवेल इतकं कढत. १५ ते २० मिनिटांनी उंदराचं पोट दोन बोटांत दाबून पाहा. मऊ पण आत गोटीसारखं काही लागलं, तर तो अजून गोठलेलाच आहे. पाणी बदला आणि पुन्हा ठेवा. थंड गाभ्याचा उंदीर हे ओकण्याचं नेहमीचं कारण. बॉल पायथनसाठी डोकं ३७-३८ अंशांपर्यंत गरम हवं, म्हणून शेवटची दोन मिनिटं डोक्याकडची बाजू नव्या गरम पाण्यात धरा. मग कागदाने कोरडा पुसा. ओल्या केसांना पेटीत अंथरलेला भुसा चिकटतो.

पेटीत काय बदलायचं

भुसा पोटात जाईल ही दुसरी भीती. चुकून गेलेली एखाद-दुसरी काडी विष्ठेतून निघते; घोळ होतो तो ओल्या उंदराला मूठभर भुसा चिकटल्यावर. त्यासाठी साप उचलायची गरज नाही, खाली एक गुळगुळीत फरशी किंवा वर्तमानपत्राची दुहेरी घडी ठेवली की झालं. जांभ्याचा तुकडा नको, तो खरखरीत असतो आणि ओल धरतो. नारळाच्या सोडणाचा भुसा गावातूनच आणत असाल तर तो खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या काथ्याचा नाही ना, विचारून घ्या. असेल तर गोड्या पाण्याने तीन-चारदा धुवा आणि कडकडीत वाळवा. पुळणीची वाळू पेटीत घालू नका.

दोन साप एका पेटीत असतील तर खाणं हा त्यांच्यातला छोटा प्रश्न आहे, ते वेगळे करा. एकाच उंदराची दोन टोकं दोघांनी गिळायला घेतली तर दोघेही जिवाला मुकू शकतात.

खाऊ घालताना

दिवेलागणीनंतरची वेळ चांगली. खोलीतला मोठा दिवा आणि टीव्ही बंद. हात साबणाने धुतलेले, आणि उंदराला स्पर्श चिमट्यानेच. ३० सेंटिमीटरहून लांब चिमटा घ्या, उंदीर खांद्यांच्या मागे पकडा आणि डोकं सापाकडे करून साधारण वीतभर अंतरावर धरा. किंचित हलवा. तोंडावर नेऊन आदळू नका, बुजरा साप मान आत ओढून वेटोळं करतो आणि त्या रात्री मग खात नाही. झडप घातली, विळखा पडला, की चिमटा लगेच सोडा. ओढाताणीत सापाचे दात तुटतात. पेटी बंद करा आणि खोलीतून बाहेर या. उंदीर डोक्याकडून सापडेपर्यंत तो बराच वेळ चाचपडतो, ते तसंच असतं.

नाही घेतला तर उंदीर फरशीवर, लपायच्या खोक्याच्या दाराशी ठेवा. थंडीत रात्रभर राहिला तरी चालेल, पण एप्रिल-मे आणि पावसाळ्यात तीन-चार तासांनी काढा. वास सुटतो आणि त्याआधी लाल मुंग्या येतात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी युक्ती इथे अगदी लागू पडते. काढलेला उंदीर पुन्हा फ्रीजरमध्ये नाही, टाकून द्यायचा.

बाहेर खाऊ घालणं योग्य ठरतं ते एका बाबतीत: पहिलं खाणंच न घेणारं पिल्लू. त्याला कागद घातलेल्या, भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिंकीसकट अंधारात ठेवतात. मोठ्या पेटीत भांबावलेलं पिल्लू या अडचणीच्या जागेत खातं. तिथेही सकाळी पिल्लू हातात न घेता डबाच पेटीत ठेवून झाकण उघडावं.

पुढचे दोन दिवस

४८ तास हात नाही, भक्ष्य मोठं असेल तर ७२. पचनाला ऊब लागते: बॉल पायथनला उबदार बाजूला ३१-३२ अंश, कॉर्न स्नेकला २९-३०, दुसरी बाजू २५-२६ च्या आसपास. पावसाळ्यात हे कोकणात बिघडतं, कारण वीज जाते. वादळवाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी खाऊ घालणं सरळ पुढे ढकला. उपाशी सापाला आठवड्याने काही होत नाही, भरल्या पोटी थंड पडलेला साप ओकतो. मे महिन्यात उलटं, खोलीच ३३ अंशांवर असते, तेव्हा थंड बाजू सांभाळायची. श्रावणात हवेतच इतका ओलावा असतो की फवारणी बंद ठेवा, जाळी मोकळी ठेवा, आणि सांडलेलं पाणी किंवा मूत त्याच दिवशी पुसा, नाहीतर पोटाच्या खवल्यांखाली सडतं.

फ्रीजरमधला साठाही विजेवरच. एका महिन्यापेक्षा जास्त आणू नका, मोकळी जागा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी भरा, आणि वीज गेली की फ्रीजर उघडू नका. एकदा मऊ पडलेला माल परत गोठवून वापरू नये.

सापाने ओकलंच तर पेटी धुवा, पाणी ठेवा, आणि किमान १० ते १४ दिवस काही देऊ नका. पुढचं भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचं. दुसऱ्यांदा ओकला तर पशुवैद्याकडे न्या, सोबत ताजी विष्ठा डबीत घेऊन.

आणि हात पकडलाच तर ओढू नका. सापाच्या तोंडावर थंड पाण्याची धार सोडा, दुसऱ्या माणसाने शेपटीकडून विळखा उलगडावा, तोंड तो आपणहून सोडतो. जखम साबणाने चांगली धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा.