तारखांची वही: हुकूमशाही कशी उभी राहते हे वाचण्याची एक रीत

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सुरुवातीला हुकूमशाहीचा धडा मी एका माणसाच्या स्वभावावरच उरकत असे. एकदा नववीतल्या मुलीनं विचारलं, "बाई, पण बाकीचे लोक तेव्हा काय करत होते?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात मी एक वही घातली. तीच रीत इथे सांगते आहे.

पानावर चार रकाने आखा: तारीख, कोणता कागद निघाला, सही कोणाची, आणि नाही कोण म्हणू शकलं असतं. भाषणं आणि मिरवणुका या वहीत घेऊ नका. आपलं लक्ष तिकडे असतं तेव्हाच कागद नजरेतून निसटतो.

पहिलं पान जर्मनीचं करा. ३० जानेवारी १९३३: राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग हिटलरला चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, नेमतात. नेमणूक कायदेशीर. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसदभवनाला आग लागते आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघतो. भाषण, वर्तमानपत्रं, सभा, टपालाची गुप्तता, मनमानी अटकेपासून संरक्षण, सगळं स्थगित. सही पुन्हा हिंडेनबुर्ग यांची, आधार घटनेच्याच ४८व्या कलमाचा. ५ मार्चला निवडणूक. एवढी दहशत असूनही हिटलरच्या नाझी पक्षाला ४३.९ टक्केच मतं मिळतात. २३ मार्चला मात्र मंत्रिमंडळानं संसदेला वगळून कायदे करावेत, असा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर होतो. विरोधातली सगळी मतं सोशल डेमोक्रॅटांची. कम्युनिस्ट सदस्य तोवर तुरुंगात किंवा भूमिगत. पहिल्या तारखेपासून इथवरचे दिवस मोजा. बावन्न भरतात.

चौथा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ द्या. कॅथलिक सेंटर पक्षाला हिटलरकडून लेखी हमी मिळणार होती. पत्र हातात नसतानाच त्यांनी बाजूनं मतं दिली, आणि ते पत्र कधी आलंच नाही. त्या रकान्यात मी नेहमी थांबते. ती माणसं दुष्ट नव्हती, घाबरलेली होती, आणि पत्रावर विसंबली होती.

आता लाल पेन घ्या आणि प्रत्येक कागदाच्या मुदतीभोवती गोल करा. वटहुकूम "पुढील सूचनेपर्यंत" होता. तो १९४५पर्यंत टिकला. नव्या कायद्याला चार वर्षांची मुदत होती. १९३७ साली ती वाढवली गेली, तेव्हा सभागृहात विरोधी पक्षच उरला नव्हता. वायमारची घटना, म्हणजे हिटलरच्या आधीपासूनची जर्मनीची लोकशाही घटना, तर औपचारिकपणे कधी रद्दही झाली नाही.

दुसरं पान इटलीचं. ऑक्टोबर १९२२मध्ये मुसोलिनीचे फॅसिस्ट रोमवर चालून येत होते. पंतप्रधान फाक्तांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला, आणि राजानं सही नाकारली. म्हणजे न झालेली सहीसुद्धा वहीत लिहायची. १९२४ साली खासदार मात्तेओत्तींचा खून झाल्यावर विरोधी सदस्य सभागृह सोडून गेले, राजा काहीतरी करील या आशेनं. राजानं काही केलं नाही, आणि १९२६ साली त्यांच्या जागाच रद्द झाल्या. जागा सोडू नये, हे मला या पानानं शिकवलं.

सोव्हिएत पान वेगळं आखावं लागतं. इथे सत्ता नेमणुकांतून आली. एप्रिल १९२२मध्ये स्टालिन पक्षाचे सरचिटणीस झाले. अनेकांना ते काम कारकुनी वाटलं, पण कोणाला कुठे बसवायचं हे त्याच टेबलावरून ठरू लागलं. पानाचे मधोमध दोन भाग करा. डावीकडे १९३६च्या घटनेचं १२५वं कलम लिहा: भाषण आणि सभेचं स्वातंत्र्य. उजवीकडे ३० जुलै १९३७चा गुप्त पोलिसांचा ००४४७ क्रमांकाचा हुकूम: कोणत्या प्रदेशात किती माणसं गोळी घालून मारायची, किती छावण्यांत धाडायची, याचे आकडे आधीच ठरवलेले. सरकारी नोंदींप्रमाणे १९३७–३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना मृत्युदंड झाला. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वर्गात वाचताना माझा आवाज दर वर्षी कापायचा.

सर्वंकष सत्ता आणि साधी अधिकारशाही यांत गल्लत होते. त्यासाठी मी एकच प्रश्न विचारते: गप्प बसणाऱ्याला सोडतात का? अधिकारशाहीला बहुधा तेवढं पुरतं. सर्वंकष सत्तेला तुमचा होकार हवा असतो, तोही मोठ्यानं. १९३१ साली इटलीत प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ मागितली गेली. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. लष्करी हुकूमशहा पिनोचेच्या चिलीत छळ भयानक होता, तरी १९८८च्या सार्वमतात लोक "नाही" म्हणू शकले, आणि जिंकले.

शेवटी पाळतीची नोंद. पूर्व जर्मनीत १९८९ साली स्टासीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, पगारी नोकर सुमारे ९१ हजार होते आणि खबरे त्यांच्या जवळपास दुप्पट. लोकसंख्या साधारण १ कोटी ६० लाख. भागाकार स्वतः करा, दिलेला आकडा मनात राहत नाही. १९९२पासून लोकांना आपापल्या फायली वाचता येऊ लागल्या. कित्येकांना त्यांत आपल्याच मित्राची खबर सापडली.

हीच क्रमवारी ठेवा: जर्मनी, इटली, मग सोव्हिएत संघ. चौथा देश तुम्ही निवडा, आणि चौथ्या रकान्यापासून सुरुवात करा.