वासोट्याला जाताना परतीची बोट आधी ठरवा

वासोट्याची चढण सह्याद्रीतील इतर अनेक गडांच्या मानाने सोपी आहे. वाट मळलेली आहे, कडा चढावा लागत नाही, दोरही लागत नाही. तरीही ज्यांना या किल्ल्यावरून अर्ध्यातून परतावे लागते किंवा ज्यांचा उतरताना अंधार होतो, त्यांची संख्या कमी नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा डोंगरात नसून पाण्यात असते. जावळी तालुक्यातील हा गड कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या ऐन धारेजवळ उभा आहे. घाटमाथ्याच्या बाजूने तिथे पोहोचायचे म्हणजे हा जलाशय ओलांडूनच जावे लागते. त्यामुळे मोहिमेची आखणी चढाईपासून सुरू न करता परतीची बोट पायथ्याचा काठ किती वाजता सोडणार, या एका वेळेपासून उलटी करत आणावी, असे मी प्रत्येक नव्या गटाला आग्रहाने सांगतो.

ही अडचण समजण्यासाठी जलाशय समजून घ्यावा लागतो. कोयनेवरील १०३ मीटर उंचीच्या धरणाचे काम १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात पूर्ण झाले आणि दक्षिणेला हेळवाकपासून उत्तरेला तापोळ्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर लांबीची दरी पाण्याने भरली. या दरीतली गावे उठली, शेते बुडाली आणि वासोट्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटाही पाण्याखाली गेल्या. गड मात्र त्याआधीपासूनच दुर्गम होता. शिवाजी महाराजांच्या काळात त्याला व्याघ्रगड हे नाव मिळाले आणि त्याच्या दुर्गमपणामुळेच त्याचा तुरुंगासारखा उपयोग होत राहिला. राजापूरच्या वखारीतील इंग्रज कैद्यांना इथे ठेवल्याचा इतिहास आहे. ज्या एकांतामुळे कैद्याला पळून जाणे अवघड होते, तोच एकांत आज आपल्या मदतीला कोणी वेळेवर पोहोचणेही अवघड करतो, हे आखणी करताना विसरू नये.

हंगाम निवडताना पावसाळा सरळ बाजूला ठेवावा. कोयना अभयारण्याचा हा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो आणि पावसाळ्यात तो पर्यटकांसाठी बंद असतो. पाऊस ओसरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पुढे, जलाशय काठोकाठ भरलेला असतो, बोट पायथ्याच्या अगदी जवळ लागते आणि रानही हिरवे असते; मात्र पायवाट ओलसर असेपर्यंत जळवा असतात, तेव्हा पायघोळ विजार आणि लांब मोजे घालावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. मार्चनंतर ऊन तर वाढतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी उतरू लागते. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला आणि सिंचनासाठी पूर्वेला वर्षभर सोडले जात असल्याने एप्रिल-मेपर्यंत जलाशयाची पातळी कित्येक मीटर खाली जाते. मग जिथे हिवाळ्यात बोटीतून थेट झाडीत पाऊल पडते, तिथे उन्हाळ्यात भेगाळलेल्या गाळावरून आणि उघड्या काठावरून भर उन्हात बरेच चालावे लागते, आणि हीच चाल संध्याकाळी थकलेल्या पायांनी पुन्हा करावी लागते. उन्हाळ्यात जाणाऱ्याने या चालीसाठी दोन्ही वेळचा मिळून किमान पाऊण तास वेगळा धरावा.

बोटीचे मुख्य ठिकाण बामणोली. साताऱ्याहून कास पठारावरून जाणारा हा रस्ता सुमारे ३५ ते ४० किलोमीटरचा असला, तरी वळणे आणि पहाटेचे धुके धरून त्याला दीड तास द्यावा. कासच्या फुलांचा हंगाम चालू असताना या रस्त्यावर शनिवार-रविवारी वाहनांची मोठी गर्दी होते, म्हणून ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी शक्यतो आठवड्यातला मधला दिवस निवडावा. एस.टी. बामणोलीपर्यंत येते, पण गाड्या मोजक्या आहेत आणि सकाळी लवकर बोट गाठायची असेल तर आदल्या रात्री बामणोलीत किंवा जवळपासच्या गावात मुक्काम करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. गावात जेवणाची आणि राहण्याची घरगुती सोय होते. शेंबडी, मुनावळे आणि तापोळा येथूनही बोटी मिळतात. तापोळा महाबळेश्वरच्या बाजूने येणाऱ्यांना सोयीचे वाटते, परंतु तिथून पाण्यावरचा प्रवास लांबतो आणि त्याच प्रमाणात गडावरचा वेळ कमी होतो.

बोट प्रत्येक माणसाच्या तिकिटावर नव्हे, तर सहसा पूर्ण बोटीच्या भाड्यावर ठरते. एका बोटीत किती माणसे घ्यायची याची मर्यादा असते आणि ती सुरक्षिततेसाठी असते; एखादा माणूस जास्त झाला म्हणून बोटवाल्यावर दडपण आणणे किंवा त्याने स्वतःहून जास्त माणसे घेतली तर गप्प बसणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. गट चार-पाच जणांचाच असेल तर भाडे जड जाते, अशा वेळी धक्क्यावर दुसऱ्या लहान गटाबरोबर बोट वाटून घेता येते. मात्र ही वाटणी करताना दोन्ही गटांनी उतरण्याची एकच वेळ आधी स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. एक गट चपळ आणि दुसरा लहान मुलांसह असेल, तर दिवसाच्या शेवटी एकमेकांची वाट पाहत काठावर बसण्याची वेळ येते आणि मग कोणाचेच मन प्रसन्न राहत नाही.

भाडे ठरवताना चार गोष्टी स्पष्ट शब्दांत विचारून घ्याव्यात: बोट पायथ्याशी दिवसभर थांबणार की सोडून परत जाऊन पुन्हा घ्यायला येणार, थांबण्याची मुदत किती तासांची आहे, त्यापुढील प्रत्येक तासाला किती पैसे पडतील, आणि परतीला बोट चालवणारा माणूस तोच असेल का. यांपैकी पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पायथ्याला मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे परत गेलेल्या बोटीला लवकर बोलावून घेता येत नाही. कोणाचा पाय मुरगळला आणि दुपारी दोनलाच उतरावे लागले, तर काठावर उभी असलेली बोट म्हणजेच आपली रुग्णवाहिका असते. थांबणाऱ्या बोटीसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते देणे योग्य ठरते.

बामणोलीहून जाताना वन विभागाची परवानगी तिथेच काढावी लागते. गटातील प्रत्येकाचे नाव, ओळखपत्र आणि प्रवेश शुल्क यांची नोंद होते. कॅमेरा असेल तर त्याचेही शुल्क आकारले जाते. दर बदलत असल्याने आदल्या दिवशी विचारून घ्यावेत आणि सर्व रक्कम रोख बरोबर ठेवावी. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला असाल तर बोट तेव्हाच पक्की करावी आणि सकाळी परवानगीच्या खिडकीवर सर्वांत आधी उभे राहावे. सुट्टीच्या दिवशी इथे लागणाऱ्या रांगेत जाणारा तास पुढे दिवसभर भरून निघत नाही.

आता वेळेचा हिशेब पाहू. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होत असला, तरी पायथा सह्याद्रीच्या धारेच्या पूर्वेला असल्याने ऊन तिथून बरेच आधी जाते आणि दाट झाडीत पाच वाजताच अंधारल्यासारखे होते. बोटीला बामणोली ते पायथा एक ते दीड तास लागतो. उजेड असतानाच बामणोलीच्या धक्क्यावर उतरायचे असेल, तर परतीची बोट दुपारी चार, फार तर साडेचारला निघाली पाहिजे. उतरायला पावणेदोन ते दोन तास धरावेत, म्हणजे गडमाथा दोनला सोडावा लागतो. माथा नीट पाहण्यास आणि जेवणास सव्वा तास हवा, म्हणून पाऊणच्या सुमारास वर पोहोचणे आले. चढाईला अडीच तास धरले, तर पायथ्यावरून सव्वादहाला निघावे लागते. तेथील तपासणीस वीस मिनिटे आणि बोटीस सव्वा तास मिळवले, की बामणोलीहून बोट साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यान सुटली पाहिजे, हे उत्तर मिळते. सकाळी साडेदहाला बोट मिळाली आणि तरीही माथा गाठायचाच, असा निश्चय करणारे गट मी पाहिले आहेत. त्यांनी त्याऐवजी दुपारी एकचा काटा ठरवावा: त्या वेळेला जिथे असू तिथून मागे फिरायचे, माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरीही.

पाण्यावरच्या प्रवासाकडे बहुतेक जण सहल म्हणून पाहतात, पण तिथे काही गोष्टी काटेकोरपणे पाळायला हव्यात. बोटीत बसण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असावे आणि त्याचे पट्टे आवळलेले असावेत. ते बाकाखाली ठेवून दिल्यास त्याचा उपयोग शून्य. पाठपिशव्या एका बाजूला न रचता मधल्या भागात सपाट ठेवाव्यात आणि छायाचित्रासाठी सगळ्यांनी एकाच कडेला गर्दी करू नये, कारण अरुंद बोट त्यामुळे एका अंगाला कलते. सकाळी पाणी सहसा शांत असते, पण कधी कधी दाट धुके असते. नावाडी धुके उठण्याची वाट पाहू म्हणाला तर त्याला घाई करू नये. दुपारनंतर दरीतून वारा सुटतो आणि लांबलचक मोकळ्या पाण्यावर त्याला अडवणारे काहीच नसल्याने लाटा बऱ्यापैकी उठतात. पाण्याची पातळी खाली गेलेली असताना काठाजवळ बुडालेल्या झाडांचे बुंधे असतात, म्हणून बोट पूर्ण थांबून धरली जाईपर्यंत कोणीही उडी मारू नये. पोहता येते म्हणून या पाण्यात उतरण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. काठ उभा उतरतो आणि तळाचा अंदाज येत नाही. मोबाइल, औषधे आणि एक जादा सदरा जाड पिशवीत घट्ट बांधून ठेवावा.

बोट मेट इंदवलीला लागते. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची चौकी, आणि आजही इथे चौकीच आहे, फक्त ती वन विभागाची. येथे परवानगी तपासली जाते आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या, पुड्या यांची मोजदाद करून अनामत घेतली जाते. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की ती परत मिळते. सर्वांत सोपे म्हणजे खाऊ घरूनच डब्यांत भरून न्यावा. प्रत्येकी तीन लिटर पाणी वाहून न्यावे, कारण गडावरील टाक्यांतले पाणी वर्षभर पिण्याजोगे असेलच असे नाही.

वाट सुरुवातीला उठून गेलेल्या गावाच्या खुणांजवळून आणि ओढा ओलांडून जाते, आणि मग दाट रानातून चढू लागते. या रानात गवे आणि अस्वले आहेत. गटाने एकत्र चालावे, हळू बोलत राहावे म्हणजे आपली चाहूल प्राण्यांना लागते, पण आरडाओरडा आणि गाणी लावणे टाळावे. ज्यांना थांबून कान द्यायची सवय आहे त्यांना शेकरूचा आवाज हमखास मिळतो. वाटेत नागेश्वराकडे जाणारा फाटा लागतो. नागेश्वराची गुहा आणि वासोटा एकाच दिवसात करण्याचा बेत बामणोलीच्या बोटीवर अवलंबून असलेल्या गटाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर मांडलेल्या हिशेबात त्यासाठी लागणारे तास कुठेही शिल्लक राहत नाहीत.

माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी, वाड्याचे अवशेष आणि चुन्याचा घाणा आहे. वेळ कमी असेल तर हे सगळे भरभर पाहून बाबूकड्यावर जास्त वेळ थांबावे. अर्धवर्तुळाकार तुटलेल्या या कड्यासमोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर उभा दिसतो. १८१८ साली इंग्रजांनी तिथूनच तोफा डागून गड घेतला. कड्याच्या काठावर कठडा नाही आणि वारा जोरदार असतो, त्यामुळे काठापासून चार पावले मागेच बसावे. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, तेव्हा दोनला पाठपिशव्या उचलायच्याच.

प्रत्येकाजवळ विजेरी असावी. निघताना बामणोलीतील मुक्कामाच्या घरी आपली परतीची वेळ आणि गटाची संख्या लिहून द्यावी, आणि पायथ्यावर उतरल्यावर नावाड्याशी चारची वेळ पुन्हा एकदा बोलून, दोघांची घड्याळे जुळवून मगच वाट धरावी.